घर पाडायच्या आधी कढीपत्ता हलवला, त्यात काय जमलं आणि काय फसलं

२०२२च्या एप्रिलमध्ये दादाचा फोन आला की मिरजेचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायचं नक्की झालंय आणि नवीन घराचा पाया थेट मागच्या कंपाउंडपर्यंत जाणार आहे. आई तेव्हा माझ्याकडे पुण्याला होती, फोन स्पीकरवर होता, ती शेंगा सोलत बसली होती. तिने घराबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आणि कढीपत्ता?" दादा जरा वेळ गप्पच झाला.

ते झाड बाबांनी १९९४ला लावलं होतं, न्हाणीच्या मागे, जिथे सांडपाणी जायचं तिथेच जरा बाजूला. २८ वर्षांत ते छपराच्या वर गेलं, खोड पोटरीएवढं झालं, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांची फोडणी त्याच्यावर चालायची. मागच्या बाजूला राहणाऱ्या कानडी मावशी तर विचारायच्याही नाहीत, भिंतीवरून हात घालून डहाळी मोडायच्या, आणि त्याला करिबेवू म्हणायच्या. आता कुणी म्हणेल की नर्सरीत रोप मिळतं की, आणि पुण्यात तर भाजीवाला कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता नुसताच पिशवीत टाकतो. खरंय. पण त्या झाडाचं पान बोटात चुरगळलं की वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा, आणि ते बाबांनी लावलेलं होतं, एवढी दोन कारणं आम्हाला पुरेशी होती.

खाली जे लिहितेय ते एप्रिल २०२२ पासून साधारण दोन-सव्वादोन वर्षांचं आहे. मी वहीत तारखा आणि आकडे लिहून ठेवत गेले म्हणून सांगता येतंय. ज्यांना एका झाडापासून दुसरं करायचंय त्यांना याचा उपयोग व्हावा, कारण आम्हाला जो त्रास झाला तो बराचसा घाईमुळे झाला आणि तो टाळता आला असता.

आधी विचार होता अख्खं झाडच हलवायचा. दादाने ओळखीच्या माळीकाकांना बोलावलं, त्यांनी बुंध्याभोवती पहारीने दोन ठिकाणी टोचून बघितलं आणि नाही म्हणाले. एका बाजूची मुळं न्हाणीच्या पायाखाली, दुसऱ्या बाजूची कंपाउंडच्या भिंतीखाली गेलेली, म्हणजे मातीचा गोळा नीट निघणारच नाही, आणि इतकं जुनं झाड मुळं तोडून उचललं तर बहुतेक वाळणार. मग ठरलं की झाड जाऊ दे, त्याची पोरं जगवायची. कढीपत्त्याला तीन वाटा आहेत: फांदी लावणं, बी लावणं, आणि मुळातून येणारी पिल्लं वेगळी करणं. आम्ही तिन्ही केल्या, आणि दिवाळीपर्यंतची मुदत असल्यामुळे जवळजवळ एकाच वेळी केल्या.

पहिली चूक मे महिन्यात झाली आणि ती मी तिथे नसताना झाली. झाडाच्या आसपास ५-६ फुटांच्या अंतरात सहा पिल्लं वर आलेली होती, वीतभर ते हातभर उंचीची. माळीकाकांनी त्यातली दोन चांगली बघून सरळ उपटली आणि पिशवीत लावून दादाकडे दिली. दहा दिवसांत दोन्ही खलास, पानं आधी मलूल झाली मग नुसती काडी उरली. मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यातलं एक पिशवीतून काढून बघितलं. खाली मुळं म्हणून काही नव्हतंच. होता तो आईच्या, म्हणजे मोठ्या झाडाच्या, मुळाचा एक जाड तुकडा, बोटाएवढा, दोन्ही बाजूंनी तुटलेला, आणि त्याच्यावर हे पिल्लू काटकोनात उभं, हॉकी स्टिकसारखं. स्वतःचा एकही पांढरा तंतू नाही. हातभर उंच दिसणारं रोप तोपर्यंत पूर्णपणे आईच्याच मुळावर जेवत होतं.

ते बघितल्यावर मला सगळं प्रकरण कळलं असं वाटतं. हे पिल्लू बियांतून आलेलं रोप नाही, ते त्याच झाडाची एक फांदी आहे जी मुळातून वर आलीय. केळीचा मुनवा कंदासकट काढला तर त्याला स्वतःची शिदोरी असते, याला तसलं काही नसतं. त्याला आधी मुळं फोडायला भाग पाडायचं, आणि मग उचलायचं, या दोन कामांच्या मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यायचा.

म्हणून उरलेल्या चारांना मी मे महिन्यात हातच लावला नाही, पाऊस यायची वाट बघितली. मिरजेला जून अर्धा गेल्यावर दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, माती मऊ झाली, आणि मी दोन दिवस सुट्टी काढून गेले. खुरप्याने पिल्लाच्या बुडाशी माती हळूहळू बाजूला केली, चार-पाच इंचांवर आईचं मूळ लागलं, आडवं गेलेलं, तपकिरी, त्याची साल नखाने खरवडली तर आत पिवळट आणि वास अगदी कढीपत्त्याचाच. हे मूळ झाडाच्या बाजूने सिकेटरने कापलं, पिल्लापासून वीतभर सोडून. फक्त एकाच बाजूने. पलीकडची बाजू तशीच ठेवली, कारण मूळ पुढे जाऊन पाणी आणत असतं ते कशाला तोडायचं. मग माती परत ढकलून, थोडं शेणखत घालून, पायाने दाबून तिथेच सोडलं. कुठलं कापलं ते कळावं म्हणून प्रत्येकाला लाल चिंधी बांधली. दादाला सांगितलं की आता कुणीही याला हात लावायचा नाही, माळीकाका आले तरी.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लांची कोवळी पानं माना टाकून होती, आई घाबरली, पण चौथ्या-पाचव्या दिवशी सावरली. एकाची बरीच पानं गळली तरी शेंडा हिरवा राहिला. पावसाळ्यात हे करण्याचा फायदा इथे कळतो, उन्हाळ्यात तोडलं असतं तर त्या चार दिवसांतच वाळली असती.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांनी, परत गेले. यावेळी पिल्लाभोवती वीतभर अंतर सोडून गोल खणलं, पलीकडचं मूळही कापलं, आणि खालून हात घालून मातीच्या गोळ्यासकट उचललं. काळी माती ओली असली की गोळा छान धरून येतो. एका गोळ्याच्या कडेला माती जरा ढासळली तिथे बघितलं तर पांढरी मुळं, शेवयांसारखी, कापलेल्या जागेच्या आसपास झुबक्याने आलेली. आईला दाखवलं, तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "आता नेलंस तरी चालेल."

गोळे ओल्या गोणपाटात सुतळीने बांधले, पानांची निम्मी संख्या कमी केली म्हणजे मुळांवर भार नको, आणि दोन बादल्यांत घालून कोयनेने पुण्याला आणले. सीटखाली ठेवले होते, सगळ्या डब्याला कढीपत्त्याचा वास. पुण्यात आल्यावर दोन आठवडे गॅलरीत सावलीत, मग हळूहळू उन्हात. चारातली तीन जगली. चौथं, जे आधीच पानं टाकून बसलेलं होतं, ते ऑगस्टमध्ये गेलं.

फांद्यांचं थोडक्यात सांगते कारण त्यात सांगण्यासारखं यश नाही. मे महिन्यात १४ काड्या कापल्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-सहा इंचांच्या, खालच्या टोकाला दुकानातली मुळं फुटायची पावडर लावून वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचल्या, वर प्लास्टिकची पिशवी. तीन आठवड्यांनी पाच काड्यांना पालवी फुटली. काय आनंद झाला होता! पण तो फसवा होता. काडीत साठवलेलं जे असतं त्यावर पालवी फुटते, त्याचा मुळांशी संबंध नसतो. महिन्याने पाचही काळ्या पडल्या, उपटून बघितल्या तर खालचं टोक जसं कापलं होतं तसंच, फक्त काळपट. शून्य. काही लोकांना काडीपासून जमतं, विशेषतः सतत दमट हवा ठेवता येते तिथे, त्यामुळे अशक्य नाही म्हणणार मी, पण हातात एकच हंगाम असेल तर त्यावर विसंबू नका. आणि ज्यांच्या काडीला पालवी आलीय त्यांनी महिनाभर तरी पेढे वाटू नयेत.

बियांनी मात्र मला खूप काही शिकवलं. कढीपत्त्याला साधारण उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला फळं पिकायला लागतात, आधी हिरवी, मग लालसर, मग एकदम काळी, करवंदाच्या धाकट्या भावासारखी. बुलबुल आणि कोकीळ त्यावर पडलेले असतात, आणि भिंतीकडेला, गटाराकडेला आपोआप उगवलेली रोपं दिसतात ती बहुतेक यांचीच कृपा. जुलैच्या त्याच फेरीत मी पूर्ण काळी झालेली फळं काढली. दोन बोटांत दाबलं की जांभळा चिकट रस येतो आणि आतून हिरवं बी सुळकन निघतं, कधी एक, कधी दोन. हे बी पाण्यात चोळून चोळून गर पूर्ण काढला, कारण गर राहिला की बुरशी धरते. आणि त्याच संध्याकाळी मिरजेतच पिशव्यांत लावलं, अर्धा-पाऊण इंच खोल. ४० बिया. १८व्या दिवशी पहिला कोंब दिसला आणि पुढे महिनाभर येतच राहिले, शेवटी मोजले तेव्हा २९.

आता दुसरी बाजू बघा. आई तेव्हा मिरजेतच राहिली होती, तिला वाटलं अजून बी काढून ठेवावं, लेकीला देता येईल. तिने व्यवस्थित, आपण भोपळ्याचं, कारल्याचं बी ठेवतो तसं, धुऊन, पेपरवर पसरून, खिडकीत आठ दिवस वाळवलं आणि पुडीत बांधून ठेवलं. मी ते गणपतीत पुण्याला आणून लावलं, तेही ४०च. उगवलं फक्त एक. माती तीच, खत तेच, हात तेच. फरक वाळवण्याचा. कढीपत्त्याचं बी आंब्याच्या कोयीसारखं किंवा फणसाच्या आठळीसारखं असतं, आतला ओलावा गेला की जीव गेला. म्हणून पॅकेटमध्ये विकायला असलेलं कढीपत्त्याचं वाळकं बी घेऊन लोक दोन-दोन महिने माती भिजवत बसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, त्यात त्यांच्या हाताचा काही दोष नसतो. बी लावायचं तर झाड शोधा, काळं फळ तोडा, आणि त्याच दिवशी लावा, फार तर दोन-चार दिवस ओल्या फडक्यात ठेवा.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला लागलं जरा. तिने इतकं निगुतीने केलं होतं. पण मग तीच म्हणाली की तरीच आपल्याकडे बुलबुलाने टाकलेलं उगवतं आणि आपण जपलेलं नाही.

बी आणि पिल्लू यात आणखी एक फरक आहे. पिल्लू म्हणजे हुबेहूब तेच झाड, वासाला, पानाला, सगळ्याला. बियांचं रोप थोडं वेगळं निघू शकतं. आमच्या २९ रोपांत काहींचा देठ लालसर, काहींचा साधा हिरवा, आणि वर्षभराने चुरगळून बघितलं तर दोन-तीन रोपांचा वास अगदीच मवाळ. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या डीडब्ल्यूडी-१ आणि डीडब्ल्यूडी-२ अशा जाती आहेत, त्यातली पहिली थंडीला हळवी आहे, हिवाळ्यात नीट फुटत नाही. म्हणजे वास, थंडी सोसणं, हे झाडागणिक बदलतं. ज्याला अमुकच झाड पुढे न्यायचंय त्याने पिल्लाच्याच मागे लागावं.

डिसेंबरमध्ये महापालिकेची परवानगी आली. शहरी भागात झाड तोडायला १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी, हे अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगितलं. तोडायच्या आदल्या दिवशी आईने सगळ्या डहाळ्या उतरवल्या, गल्लीत वाटल्या, आणि उरलेल्याची सुकं खोबरं, तीळ, लसूण घालून चटणी केली, तीन बरण्या झाल्या. झाड पडताना ती घरात बसून राहिली. मी बाहेर होते. जेसीबीने बुंधा उपटला तेव्हा मुळं तटातट तुटली आणि सगळ्या अंगणात तोच वास पसरला.

तेव्हा मला पुन्हा त्या उपटलेल्या पिल्लाची आठवण झाली, की अरे, पिल्लं जर मुळातूनच फुटतात तर मुळाचे तुकडेच का नेऊ नयेत? ढिगाऱ्यातून करंगळी ते अंगठ्याएवढी जाड मुळं शोधली, वीतभर लांबीचे नऊ तुकडे केले, ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणून एका पसरट क्रेटमध्ये आडवे ठेवून दोन इंच मातीखाली झाकले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, काही नाही. दोनदा उकरून टाकावंसं वाटलं. मार्चमध्ये ऊन चढलं आणि पहिला कोंब, लालसर, टोकाला मिटलेल्या पानांची मूठ. नऊपैकी चार फुटले. त्या चारांना मी पावसाळ्यापर्यंत हलवलं नाही, कारण धडा आधीच घेतला होता.

तोवर कुंड्यांमध्ये वेगळीच लढाई चालू होती. पहिल्या हिवाळ्यात पुण्यात रात्रीचं तापमान १०-११ अंशांवर आलं आणि कढीपत्ता गप्प झाला. साधारण १५-१६ अंशांखाली तो वाढायचं थांबवतो, जुनी पानं पिवळी पडून गळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की झाड तहानलंय. मलाही तसंच वाटलं, मी रोज झारीने पाणी घालत राहिले, वरून कुंड्यांखाली ताटल्या ठेवलेल्या होत्या, फरशी खराब होऊ नये म्हणून. तीन जगलेल्यातलं सगळ्यात सरळ, देखणं पिल्लू मी तसं घालवलं. जानेवारीत खोड बुडाशी मऊ लागलं, कुंडी उलटी केली तर खालचा थर चिखल, मुळं काळी आणि बोटांनी ओढली की वरचं साल मोज्यासारखं निघून येणारी. त्या दिवशी मी सगळ्या ताटल्या काढल्या. हिवाळ्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, म्हणजे माझ्या गॅलरीत चार-पाच दिवसांनी एकदा.

माती मी दोन भाग पोयटा, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू अशी ठेवते. मिरजेची काळी माती भावनेपोटी आणली होती एक पोतं, पण कुंडीत ती दगडासारखी घट्ट होते, जमिनीत जे झाड त्या मातीत ऐटीत उभं होतं त्याचंच पिल्लू कुंडीत त्यात गुदमरतं. शिवाय कुंडी एकदम मोठी घेऊ नये, लहान रोपाला मोठी कुंडी म्हणजे न संपणारा ओलावा. ८ इंची, मग वर्षाने १२, मग पुढची.

उन्हाळ्यात दुसरं दुखणं आलं. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, जाळीसारखी दिसणारी. जुनी पानं खालून पिवळी होत असतील तर नत्राची भूक असते, आणि शेंड्याची नवी पानं अशी जाळीदार पिवळी असतील तर बहुतेक लोहाची. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर आणि बोअरचं पाणी, बादलीला पांढरे डाग पडणारं. असल्या क्षाराच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मग मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. शेजारच्या काकूंनी आंबट ताक घालायला सांगितलं. मी घातलं, एका कुंडीला, आठ पट पाणी घालून, पंधरा दिवसांनी एकदा, आणि दुसऱ्या कुंडीला कृषी दुकानातलं चिलेटेड लोह, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात. लोहाच्या कुंडीतली नवी पानं दोन-अडीच आठवड्यांत हिरवी आली. ताकाची कुंडी सुधारली पण रखडत, आणि खरी हिरवी झाली ती जूनच्या पावसाने धुतल्यावर. ताक वाईट नाही, आंबटपणाने थोडी मदत होतच असेल, पण घट्ट ताक ओतू नका, वर साय धरते, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. पावसाचं पाणी मात्र मी आता ड्रममध्ये धरून ठेवते आणि मे महिन्यात फक्त कढीपत्त्याला देते.

झुडूप करायचं असेल तर शेंडा खुडावाच लागतो. न खुडलेला कढीपत्ता काठीसारखा वर जातो, टोकाला चार पानं आणि खाली नुसती कांडी. मार्चमध्ये थंडी सरली की दीड-दोन फुटांवर शेंडा कापायचा, खालून तीन-चार फांद्या फुटतात, पुढच्या वर्षी त्यांचेही शेंडे. फोडणीसाठी काढताना एकेक पान ओरबाडायचं नाही, अख्खी डहाळी कापायची, म्हणजे तिथून दोन फुटतात. लहान रोपाला कळ्या आल्या तर त्याही खुडायच्या, बी धरायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि पहिलं वर्ष काहीच काढायचं नाही. आईला हे सगळ्यात जड गेलं, समोर कढीपत्ता आणि फोडणीत बाजारचा.

किडींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा म्हणजे बाकी सगळं सोपं जातं. कढीलिंब नावात लिंब असलं आणि पानं तशी दिसली तरी हा कडुनिंबाचा कुणी नाही, हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. म्हणून लिंबाची कीड ती याची कीड. ऑगस्टमध्ये पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी दिसेल, ती हलेल, आणि बोट लावलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडेल. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी, मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत लहान रोप साफ करते. आपल्या राज्याचं फुलपाखरू राणी पाकोळी, २०१५ साली जाहीर झालं ते, तेही याच जातकुळीतलं. मी अळ्या मारत नाही. सोसायटीच्या मागे एक मोठं लिंबाचं झाड आहे, तिथे नेऊन सोडते, आणि बियांच्या रोपांतली दोन मवाळ वासाची रोपं आता त्यांच्याचसाठी ठेवलीत.

दुसरी कीड बारीक आहे आणि तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. कोवळ्या शेंड्यावर पिवळसर तिळाएवढे ठिपके, त्यांच्यातून पांढरे मेणचट दोरे, पानं चिकट आणि मुडपलेली. ही सिट्रस सायला. साबणाच्या पाण्याने धुऊन, निंबोळी तेल फवारून आटोक्यात येते, आणि फार लागण झालेला शेंडा मी सरळ कापून साबणपाण्यात बुडवते. कढीपत्त्याला तिच्यापासून फार धोका नसतो, पण लिंबू-संत्र्यांत ग्रीनिंग नावाचा जो रोग येतो तो हीच कीड पसरवते. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिला आमच्या झाडाचं कळल्यावर तिने दोन पिल्लं आणि थोड्या बिया बॅगेत घालून आणायला सांगितल्या होत्या. मी नाही म्हटलं, तिला राग आला, पण फ्लोरिडात २००५ला ग्रीनिंग सापडल्यापासून तिथल्या संत्र्याच्या बागांची जी वाताहत झाली ती ज्याने वाचलीय त्याला बॅगेत लपवून पान न्यायची इच्छा होणार नाही. तिथे रीतसर नर्सरीत मिळणारं रोप घ्यायचं. तिने शेवटी तसंच घेतलं आणि हिवाळ्यात ते खिडकीत आत ठेवते.

२०२४च्या पावसाळ्यापर्यंतचा हिशोब असा: पिल्लांपैकी दोन, मुळाच्या तुकड्यांची चार, आणि बियांची एकवीस, बाकीची अळ्यांनी, उन्हाने आणि माझ्या गावाला जाण्याने गेली. बियांची पंधरा वाटून टाकली. एक पिल्लू मिरजेला नव्या घराच्या कोपऱ्यात जमिनीत लावलं, ते आता आईच्या खांद्याएवढं आहे, जमिनीत गेल्यावर त्याने जी उसळी मारली ती कुंडीत कधी मारली नसती.

आणि एक गोष्ट त्याच्याही आधीची आहे. झाड पडलं त्याच्या पुढच्याच जूनमध्ये, नव्या घराचा स्लॅब पडायचा होता तेव्हा, कानडी मावशींनी आईला फोन केला की तुमचं करिबेवू आमच्या मोरीमागे वर आलंय, तीन ठिकाणी. भिंतीखालून पलीकडे गेलेली मुळं जेसीबीच्या हाती लागलीच नव्हती. मावशी विचारत होत्या की उपटून पाठवू का पोराबरोबर. आईने मला फोन द्यायच्या आधीच त्यांना सांगितलं, "उपटू नका हो. आमच्या बाजूचं मूळ तेवढं कापा, नागपंचमीपर्यंत राहू द्या, मग मी येते."